निळी अक्षरं विकणारे

माझा धाकटा भाऊ सुयुनबेक मूर्ख आहे, हे तो सात वर्षांचा असल्यापासून मला माहीत आहे. तो कर्तबगारही आहे हे मात्र गेल्या मार्चमध्ये कळलं. मूर्खपणा आणि कर्तबगारी एकाच माणसात आली की बाकीच्यांनी बोजाबिस्तरा आवरून लांब पळावं.

मी कालीपा. आत-बाशी या डोंगरी गावात तेहतीस वर्षं गुरांची डॉक्टर आहे. सरकारी दवाखाना बंद झाला तेव्हा त्याला शेवटचं कुलूप मी लावलं आणि दुसऱ्या सकाळपासून तेच काम माझ्या अंगणात सुरू केलं. सख्खा भाऊ मला एजे म्हणतो, म्हणजे ताई, आणि ज्याचं तोंडही मी कधी पाहिलेलं नाही असा मेंढपाळही एजेच म्हणतो. चौदा वर्षांपूर्वी सुयुनबेकने राजधानीत, बिश्केकमध्ये बसून मला एक वेबसाइट करून दिली. त्याच्या आयुष्यातलं ते एकमेव शहाणपणाचं काम. मेंढपाळ फोनवर बोलून प्रश्न पाठवतात, मी उत्तर लिहिते, ते तिथे चढतं. अशी सहाशे चाळीस उत्तरं आहेत. नटवणं नाही, सजवणं नाही. मेंढपाळ जसं बोलतो तसंच वर मथळा: ‘मेंढी उठत नाही’, ‘कोकराला हगवण’, ‘घोडी शिंगराला जवळ करत नाही’. हिवाळी कुरणावरचा माणूस रेंज मिळेल अशा टेकाडावर चढतो, थंडीने आखडलेल्या बोटांनी तेच चार शब्द सर्चमध्ये टाकतो आणि पहिलं माझं उत्तर येतं. तलासचे वाचतात, ओशचे वाचतात. सीमेपलीकडचे कझाकसुद्धा वाचतात आणि वर आमच्या भाषेला नाकं मुरडतात.

येतं नव्हे, यायचं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरच्या खोऱ्यातला ओमुरझाक अंगणात येऊन उभा राहिला. त्याच्या जुन्या निवा गाडीच्या मागच्या सीटवर एक मेलेली मेंढी होती. मेलेलं जनावर दवाखान्यात आणणाऱ्या माणसांची मला भारी चीड. जिवंत असताना यांना गाडी मिळत नाही.

“अकरा गेल्या, एजे,” तो म्हणाला. “सगळ्या गाभण. खाणं सोडलं, माना वाकड्या केल्या, दात करकरा चावायला लागल्या. मग बसल्या त्या बसल्याच.”

“पोटात जुळी असणार. त्यांना गोड पाजायचं असतं, हे तुला दोन वर्षांपूर्वी सांगितलंय. काय दिलंस?”

“बातीर पावडर.”

मी हातातली बादली खाली ठेवली. बातीर पावडर म्हणजे मिठाचा जुलाब. पिशवीवर मिशाळ वीराचं चित्र, आत पाच पैशांचा माल. बिश्केकचा कुणी एक लफंगा ती विकतो.

“हा दीडशहाणपणा तुला कुणी शिकवला?”

“तुम्हीच.”

“मी? ओमुरझाक, सकाळीच घेतलीस का?”

त्याने फोन काढून माझ्यासमोर धरला. शरद ऋतूत त्याने माझ्या उत्तराचा फोटो काढून ठेवला होता. ‘मेंढी उठत नाही’. माझीच वाक्यं, एकाखाली एक. आणि तिसऱ्या वाक्यानंतर, मी बापजन्मात लिहिलं नव्हतं असं एक वाक्य: ‘अशा वेळी अनुभवी मेंढपाळ बातीर पावडरवरच भरवसा ठेवतात.’ त्यातली ‘बातीर पावडर’ ही अक्षरं निळी होती. बोट लावलं की त्या लफंग्याच्या दुकानात पोचायचं.

“आणि या वेळी? पान नीट वाचायला काय झालं होतं?”

“शोधलं की. चारचारदा शोधलं. तुमचं पान आलंच नाही, पहिलं बातीरच आलं. म्हटलं, एजेचंच औषध आहे, घ्या.”

मग मी त्याला बोल बोल बोलले. आधीच अर्धपोटी झालेल्या, दोन जीव पोटात वागवणाऱ्या मेंढीला जुलाब देतोस? गाढवसुद्धा असलं करणार नाही, म्हटलं. शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन ऐकत उभी राहिली, तेव्हा मी आवाज आणखी चढवला. ओमुरझाक टोपी हातात घेऊन ऐकत होता.

“गाढवाला वाचता येत नाही, एजे,” तो शेवटी म्हणाला. “मला येतं, म्हणून फसलो.”

आणि मेंढी गाडीत तशीच घेऊन निघून गेला.

तो गेल्यावर मी स्वतः सर्च करून पाहिलं. माझेच शब्द टाकले. पहिल्या पानावर नाही, दुसऱ्यावर नाही, नवव्यावरही नाही. साइट जागेवर होती, पत्ता टाकला की उघडत होती. पण हिवाळी कुरणावर पत्ता कोण टाकतो? आमच्याकडे कोकरांचा खरा हंगाम दहा एप्रिलला सुरू होतो. तेव्हा दिवसाला हजार-दीड हजार माणसं माझी उत्तरं उघडतात. मी एकटी किती फोन घेणार? पाच आठवड्यांत पान परत वर आलं नाही, तर ती हजार-दीड हजार माणसं सरळ त्या मिशाळ वीराच्या दारात जाणार होती.

मी सुयुनबेकला फोन केला. “ये,” एवढंच म्हटलं. लहानपणापासून त्याला माझा हा ‘ये’ ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी हजर झाला. टोकदार बूट, शहरी कोट, आणि आमच्या चिखलात असा चालत होता की जणू चिखल त्याचा अपमान करायला मुद्दाम तिथे पसरलाय.

“लिंक विकल्या,” तो म्हणाला. चहा ओतायच्या आधीच म्हणाला, म्हणजे घाबरला होता. “सगळेच विकतात गं, एजे. त्यात काय एवढं? एक शब्द निळा करायचा.”

“किती शब्द निळे केलेस?”

“दोनशे चौदा.”

मग त्याने मला समजावलं, आणि समजावताना त्याचा चेहरा खुलला, कारण फसवणुकीची रीत सांगताना या माणसाला नेहमीच उत्साह येतो. सर्च इंजिनचा हिशेब साधा आहे म्हणे. ज्या पानाकडे भली पानं बोट दाखवतात ते पान भलं, त्याला वर चढवायचं. माझं पान चौदा वर्षांत भलं ठरलेलं. तेव्हा माझं बोट ज्याच्याकडे वळेल तो वर. सुयुनबेकने माझं बोट भाड्याने दिलं होतं, दोनशे चौदा जणांना. माझ्याच आधाराने तो बातीरवाला वर चढला. आणि सर्चवाल्यांना जेव्हा वास लागला, तेव्हा त्यांनी त्याला सोडून मला खाली ढकललं.

“असं कसं? विकत घेणारा वर, आणि मी खाली?”

“त्याचंही बघतील कधीतरी. पण विकणाऱ्याला शिक्षा आधी. त्यांची नोटीस आली होती तशी.”

“कधी?”

“जानेवारीत.”

“आणि सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू ओरडली असतीस.”

मी ओरडले. दोन महिने! या माणसाने माझ्या तोंडात दुसऱ्याचे शब्द कोंबले, ते विकले, पकडला गेला आणि दोन महिने गप्प बसला. का, तर बहीण ओरडेल म्हणून. आमची आई याला शेवटपर्यंत ‘माझं भोळं बाळ’ म्हणायची. भोळं!

“आता कर काय करायचं ते,” मी म्हटलं. “दहा एप्रिलच्या आत माझं पान मला जागेवर दिसलं पाहिजे.”

“काळजी करू नकोस. ओळख काढतो.”

हा आमच्या लोकांचा आजार आहे आणि त्याच्यावर माझ्याकडे औषध नाही. परवाना हवा, ओळख काढा. पोरगा नापास झाला, ओळख काढा. माणूस मेला तर थडग्याची जागा चांगली मिळावी म्हणून ओळख काढतील. जगाच्या पाठीवर कुठलीही खुर्ची असो, तिच्यावर बसलेला कुणाचा तरी मेहुणा असणारच, असा यांचा पक्का विश्वास. सुयुनबेकने आठ दिवस बिश्केक पालथं घातलं आणि एकाला शोधून काढलं, ज्याच्या बायकोची मावसबहीण वॉर्सात सर्चच्या कंपनीतच होती. त्याच्या घरी घोड्याच्या मांसाचे दोन लठ्ठ सॉसेज पोचते केले. ते मी जावयासाठी जपून ठेवलेले होते. मावसबहिणीचा निरोप आला. ती तिथे दुपारच्या जेवणाची ताटं लावते. नोटिसा कोण काढतं ते तिला माहीत नाही, पण तो माणूस जेवायला आलाच तर त्याला सूप जास्त वाढीन, म्हणाली. या सगळ्या प्रकरणात प्रामाणिक बोलणारी ती एकटी.

मग त्याने अर्ज लिहिला. शिक्षा माफ करा म्हणून सर्चवाल्यांकडे अर्ज करता येतो. लिंक काढल्या, पुन्हा करणार नाही, एवढंच त्यात लिहायचं असतं. माझ्या भावाने काय लिहावं? पंचांसमोर उभा असल्यासारखं आपल्या सात पिढ्यांची नावं लिहिली. आजोबांना सामूहिक शेतावर मिळालेलं पदक लिहिलं. ‘माझी बहीण वृद्ध असून आजारी असते’ असं लिहिलं, आणि मी त्याच सकाळी एका बैलाला एकटीने खाली पाडलं होतं. शेवटी, कधी या भागात आलात तर आमच्याकडे मेंढी कापू, असं आमंत्रण. एक मात्र केलं नाही: लिंक काढल्या नाहीत. निळी अक्षरं पांढऱ्या पानावर पांढरी केली. माणसाला दिसत नाहीत म्हणजे मशिनला कशी दिसतील, असा त्याचा विचार.

दोन ओळींचं उत्तर आलं. नाही म्हणून.

“अजून काढल्या का नाहीस?” मी फोनवर विचारलं.

“एजे, लोकांनी तीन-तीन वर्षांचे पैसे दिलेत. त्यातले निम्मे तर ओळखीतले. कुठल्या तोंडाने काढू?”

“तुला तोंड आहे? पासवर्ड सांग.”

पंधरा मार्चपासून मी स्वतः बसले. रोज सकाळी गुरं उरकली की दुपारी चष्मा लावून एकेक उत्तर उघडायचं, पांढरं काळं करायचं आणि खोडायचं. नऊ दिवस लागले. कुणी कुणी माझ्या मेंढ्यांच्या पाठीवर बसून वर जायला निघालं होतं, ते तेव्हा कळलं. जंताच्या उत्तरात झटपट कर्जवाला. वांझ गाईच्या उत्तरात लग्नात गाणारा, फोटोत दात दाखवणारा. खुरांच्या उत्तरात बायकांची नखं रंगवणारी. तिने निदान विषय तरी जुळवला होता. रेबीजच्या उत्तरात, जिथे मी ‘ताबडतोब माणसांच्या दवाखान्यात जा, जीव जाईल’ असं लिहिलंय, त्याच्या मधोमध जुगाराचं दुकान: ‘आज तुमचं नशीब फळफळेल’. एका गायनॅकॉलॉजिस्टनेही लिंक घेतली होती. शिकलेला माणूस, भिंतीवर डिग्र्या, आणि मेंढीच्या गर्भाशयाखाली स्वतःचं नाव पैसे देऊन लावून घेतो! एकेकाला खोडताना मी मोठ्याने शिव्या घातल्या. बरं वाटलं.

मग अर्ज लिहिला, चार वाक्यांचा. मी गुरांची डॉक्टर. माझ्या भावाने दोनशे चौदा लिंक विकल्या. त्या मी सगळ्या काढल्या. यापुढे पासवर्ड माझ्याकडे राहील. पिढ्या नाहीत, पदकं नाहीत.

एकोणतीस मार्चला उत्तर आलं. साइटवर मोबदला घेऊन दिलेली लिंक अजून आहे, म्हणून शिक्षा कायम. खाली उदाहरण म्हणून एका पानाचा पत्ता.

सुयुनबेकची एखादी राहिली असणार म्हणून मी दात-ओठ खात ते पान उघडलं. ‘हिवाळ्यासाठी चारा कुठला घ्यावा’. त्यात लिहिलं होतं: ‘लसूणघास घ्यायचा तर नारिनच्या तुर्सुनायच्या वखारीतून घ्या, तिच्यासारखा चारा जिल्ह्यात नाही.’ तुर्सुनाय निळ्या अक्षरांत. आणि ते वाक्य सुयुनबेकने घातलेलं नव्हतं. ते माझं होतं.

तुर्सुनाय माझी विहीण. माझी मीरगुल तिच्या घरात दिलेली. पाच वर्षांपूर्वी लग्न झालं त्या शरदात विहीणबाईंनी ट्रॉलीभर सुका चारा दारात आणून ओतला. रिकाम्या हाताने राहणं बरं दिसेना, म्हणून मी तिचं नाव पानावर लिहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा ट्रॉली आली, त्याच्या पुढच्याही वर्षी. याला विकणं म्हणतात का? विहिणी-विहिणींत देणंघेणं चालतंच. तिने चारा दिला, मी चार चांगले शब्द दिले. कुठल्या देशातल्या कुठल्या खोलीत बसलेल्या माणसाला यात मोबदला दिसला? मी खरंच संतापले.

सुयुनबेकला सांगितलं, तर तो फोनवर इतका हसला की त्याला ठसका लागला.

“एजे, तिच्या साइटवर बघ. बघ तर खरी.”

विहीणबाईंच्या साइटवर ट्रॉलीचा फोटो होता. शेजारी मी, हातात दोर घेऊन हसतेय. खाली विहीणबाईंनी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं: ‘प्रसिद्ध डॉक्टर कालीपा आपल्या पानावर आमचं नाव लिहितात आणि आम्ही दर वर्षी त्यांना ट्रॉलीभर चारा पोचवतो. आमचं कुटुंब कुणाचं ऋण ठेवत नाही.’ फोटो पाचही वर्षांचे. दिलेल्याचा गाजावाजा केल्याशिवाय आमच्यात दिल्यासारखं वाटतच नाही. हिने तर पुरावा फ्रेम करून टांगला होता.

“मी पैसे घेतले, तू गवत घेतलंस,” सुयुनबेक म्हणाला. “आणि गाढव मात्र मीच!”

मी फोन ठेवून दिला. एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. गेली दोन वर्षं तो चारा चांगला नव्हता. उशिरा कापलेला, पावसात भिजून वाळलेला, नुसत्या करड्या काड्या. पाला कधीच झडून गेलेला. माझ्या गाईने पहिल्या दिवशीच तोंड फिरवलं. मी त्यात कोंडा मिसळून तिला घालत होते, आणि पानावरचं वाक्य तसंच ठेवलं होतं. मुलीच्या सासूचा चारा वाईट आहे असं जगाला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी नारिनला गेले.

“या या, विहीणबाई! आज कसं काय या गरिबांचं दार आठवलं?” तुर्सुनाय दारातच म्हणाली. जिल्ह्यात तिच्या वखारीएवढी दुसरी वखार नाही. बैठकीवर कणकेच्या तळलेल्या बोरसोकचा ढीग, साय, जर्दाळूचा मुरंबा, वाफाळणारं मटण. मीरगुल किटलीपाशी बसून अर्धे अर्धे पेले ओतत होती. मान असलेल्या पाहुण्याला असाच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा विचारता येतं.

मी चार घासांनंतर विषय काढला. तुमचं नाव माझ्या पानावरून काढावं लागतंय. तुमच्या पानावरचे ते फोटोही काढा. नाहीतर माझं पान वर येत नाही, आणि कोकरांचा हंगाम दहा दिवसांवर आलाय.

“काढायचं? का, माझ्या नावाला कीड लागली?”

“सर्चवाले म्हणतात, मोबदला घेऊन लिहिलंय.”

“ते म्हणू देत. तुम्ही काय म्हणता?” तिने हातातला घास खाली ठेवला. “मी पाठवला तो चारा भेट होता की मोल? भेट होती तर नाव काढायचं कारण नाही. आणि मोल होतं, तर पाच वर्षं या बैठकीवर विहीण म्हणून कशाला बसलात? मजुरांना मी वखारीत बसवते.”

मीरगुलचा हात किटलीवर तसाच राहिला. ती माझ्याकडे बघेना.

मी हो-नाही, असं-तसं करत राहिले. विहीणबाई, तसं नव्हे. विहीणबाई, समजून घ्या. दोनशे चौदा जणांना शिव्या घालणारी मी, पण त्या बैठकीवर माझी जीभ लुळी पडली. शेवटी म्हटलं, “मोल होतं.”

“काय?”

“मोल होतं. चारा मिळत होता म्हणून नाव ठेवलं. तुमचा चारा दोन वर्षांपासून वाईट आहे, विहीणबाई. मी स्वतः कोंडा मिसळून घालते. तरी नाव ठेवलं.”

मग तुर्सुनायने मीरगुलच्या हातातून किटली ओढून घेतली आणि माझा पेला स्वतः ओतला. काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत. आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरांनाही कळतो. मी उठले आणि बुटांत पाय घातले.

“वाईट म्हणे!” ती आतूनच ओरडली. “तुमच्या वरच्या खोऱ्यातला ओमुरझाक सबंध हिवाळ्याचा घेऊन गेला इथून. भावसुद्धा केला नाही त्याने. ‘कालीपा-एजेने लिहिलंय, मग बघायचं काय,’ म्हणाला. त्याने नाही तक्रार केली!”

मीरगुलने येऊन माझा स्कार्फ माझ्या हातात दिला आणि न बोलता दार लोटलं.

जुळी पोटात असलेल्या मेंढ्या अशा का बसतात, हे मी तेहतीस वर्षं लोकांना सांगत आलेय. शेवटच्या महिन्यात चाऱ्यात कस नसला की मेंढी स्वतःलाच खायला लागते. पावडरने फक्त शेवटचा धक्का दिला. आणि त्या दिवशी अंगणात मी ओमुरझाकला गाढव म्हटलं, मूर्ख म्हटलं, शेजारणीला ऐकू जाईल असं म्हटलं. पण गुरांचा डॉक्टर सगळ्यात आधी जे विचारतो ते विचारलंच नाही. काय खायला घालतोस, हे. दुसऱ्याचा मूर्खपणा समोर दिसला की मला दुसरं काही सुचत नाही.

घरी येऊन तुर्सुनायचं नाव खोडलं. अर्जात पाचवं वाक्य घातलं: शेवटची लिंक मी स्वतः विकली होती, चाऱ्यासाठी. विहीणबाईंनीही फोटो काढून टाकले. माझ्यावर मेहरबानी म्हणून नव्हे. माझं थोबाड तिला आपल्या वखारीच्या पानावर नको होतं. मीरगुलने त्यानंतर फोन केलेला नाही. मी केला की सासू घरात आहे म्हणते आणि ठेवते.

सात एप्रिलला शिक्षा उठली. मी ‘मेंढी उठत नाही’ टाकून पाहिलं. पहिलं माझंच उत्तर आलं, बातीरवाला खाली सरकला. सुयुनबेकने लगेच फोन करून अभिनंदन केलं आणि तसं बघता आपण दोघांनी मिळून काम तडीस नेलं असं म्हणाला. त्याला लाज द्यायची देवाकडून राहूनच गेली असावी.

आठ तारखेला मी वरच्या खोऱ्यात गेले. ओमुरझाक वाड्यात होता. तीसेक मेंढ्या उरल्या होत्या, पाठीचा कणा हाताला लागत होता. कोपऱ्यात त्या करड्या काड्यांची गंजी. मी त्याला सगळं सांगितलं. तुर्सुनायचं, ट्रॉलीचं, पाच वर्षांचं. वाक्य मी लिहिलं होतं आणि चारा खराब आहे हे मला ठाऊक होतं, हेही.

त्याने शिवी घातली असती तर बरं झालं असतं. तो फावड्यावर रेलून ऐकत राहिला.

“म्हणजे गंजी फेकायची?” एवढंच विचारलं.

“फेक. आजपासून जव भरडून घाल, थोडा थोडा, दिवसातून तीनदा. जी खाणं सोडेल तिला साखरेचं कोमट पाणी पाज, आणि मला फोन कर. मी येईन.”

ओमुरझाकने मान डोलावली. मग तो माझ्याकडे बघून, अगदी सरळपणाने, टोमणा मारायचा म्हणून नव्हे, तर खरंच माहीत करून घ्यायचं म्हणून बोलला:

“हे तुम्ही सांगताय, एजे, की कुणी सांगायला लावलंय?”

“मी सांगतेय.”

“बरं,” तो म्हणाला. “तरी नारिनच्या डॉक्टरला एकदा विचारून घेतो. नंबर आहे का तुमच्याकडे त्याचा?”

तो माझ्याच हाताखाली शिकलेला. नंबर होता माझ्याकडे. मी दिला.